आभाळ भरून येतं, मग पाऊस काहून येत नाही?

काटोलच्या एका संत्रा बागायतदाराच्या मुलाने विचारलंय, बीएस्सी करून राहिला आहे तो. काका, जुलैत आमच्याकडे आठ दिवस रोज आभाळ काळंशार व्हायचं, मोबाईलवर रडारच्या चित्रात पण आमच्या गावावर रंग दिसायचा, आणि पाऊस म्हणाल तर अंगण सुद्धा ओलं झालं नाही, पाच किलोमीटरवर मात्र नाला भरून वाहिला. मग ही जी ढगांचा अभ्यास करणारी केंद्रं आहेत, महाबळेश्वरला आहे, आता भोपाळजवळ झालं, तिथे नेमकं करतात काय आणि त्याचा आमच्या बागेला उपयोग काय?

मी तीसेक वर्षं हवामानाच्या निरीक्षणाच्या कामात काढली, त्यातली बहुतेक नागपुरातच, फुगे सोडले, पर्जन्यमापकं वाचली, नंतरच्या काळात थेंब मोजायच्या यंत्रांवर पण बसलो. त्यामुळे उत्तर लांबेल, पण तुझा प्रश्न दोन ओळीत उडवण्यासारखा नाहीच.

आधी हे पक्कं करून घे की ढग वेगळा आणि पाऊस वेगळा. ढगात पाणी असतं ते इतक्या बारीक थेंबांचं की एकेकाचा व्यास दहा-वीस मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा), म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. असा थेंब खाली पडतो सेकंदाला जेमतेम सेंटिमीटरभर, आणि ढगात हवा वर चढत असते ती त्याच्या कितीतरी पट वेगाने, त्यामुळे तो पडतच नाही, वरच तरंगत राहतो. तुझ्या अंगणात जो थेंब टपकतो तो मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. गणित करून बघ, वीस मायक्रॉनच्या थेंबापासून दोन मिलिमीटरचा थेंब व्हायचा तर व्यास शंभर पट वाढायला पाहिजे, म्हणजे आकारमान शंभरचा घन, दहा लाख पट. ढगातले दहा लाख थेंब एकत्र यावे तेव्हा पावसाचा एक थेंब तयार होतो, आणि हे सगळं व्हायला ढगाकडे वेळ असतो अर्धा-पाऊण तास. कित्येक ढगांना तो वेळ मिळत नाही, आजूबाजूची कोरडी हवा आत घुसते आणि ढग विरून जातो. तुझ्या गावावर आठ दिवस जे आभाळ होतं त्यातलं बरंचसं असंच असणार. ही दहा लाखांची बेरीज कुठे होते, कशी होते आणि कुठे अडते, केंद्रात सगळा अभ्यास त्याचाच चालतो.

बेरीज व्हायचे रस्ते दोन. एक म्हणजे थेंबावर थेंब आदळून. बसच्या काचेवर पाहिलं असशील, बारीक थेंब जागच्या जागी चिकटून असतात, एखादा जरा मोठा झाला की ओघळायला लागतो आणि वाटेतल्या सगळ्यांना घेऊन खाली येतो, ढगात पण तसंच. पण त्यासाठी सुरुवातीला काही थेंब इतरांपेक्षा मोठे असावे लागतात, सगळेच सारखे बारीक असले तर कोणी कोणाला धडकत नाही. साधारण असं दिसलंय की ढगातल्या थेंबांची सरासरी त्रिज्या १४ मायक्रॉनच्या आसपास गेली की पाऊस धरायला लागतो, त्याखाली ढग नुसता वाढत राहतो. दुसरा रस्ता बर्फाचा. पावसाळ्यात आपल्या डोक्यावर साधारण पाच-साडेपाच किलोमीटरवर तापमान शून्य होतं, त्याच्या वर पाणी लगेच गोठत नाही, उणे वीसला सुद्धा पाणीच राहू शकतं, उणे चाळीसच्या आसपास मात्र गोठतंच. मधल्या पट्ट्यात बर्फाचा एखादा कण तयार झाला की तो आजूबाजूच्या थेंबांची वाफ स्वतःकडे ओढून घेतो, थेंब आटतात, कण वाढतो, मग खाली येताना वितळून पाऊस होतो. म्हणजे नागपुरात झड लागते तेव्हा छत्रीवर पडणारं पाणी बहुतेक करून तासाभरापूर्वी वर बर्फ होतं. पहिल्यांदा यंत्रावर हे स्वतः पाहिलं तेव्हा मला झोप आली नव्हती. त्याचं सांगतो पुढे.

आता धुळीचं. वाफेला थेंब व्हायला काहीतरी धरायला लागतं, मिठाचा कण, धुराचा, धुळीचा, मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याएवढा असला तरी चालतो. समुद्रावरच्या स्वच्छ हवेत असे कण थोडे, जमिनीवर भरपूर, आणि आपल्याकडे कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या, रस्त्यांची धूळ, शेतात पेटवलेला काडीकचरा, सगळं हवेतच जातं. लोकांना वाटतं कण जास्त म्हणजे थेंब जास्त म्हणजे पाऊस जास्त. तसं नाही रे. लग्नाच्या पंगतीत बुंदी केली शंभर माणसांची आणि बसले हजार, तर उपाशी कोणी उठत नाही पण पोट कोणाचंच भरत नाही. पाणी तेवढंच, वाटेकरी जास्त, म्हणून थेंब बारीक राहतात, आदळाआदळ होत नाही आणि पाऊस लांबतो. कधी कधी उलटंही होतं, खाली पाऊस न पडल्यामुळे तेच पाणी वर बर्फाच्या पट्ट्यात जातं आणि मग विजा आणि मोठी सर येते. कोणत्या दिवशी यातलं काय होईल हे नुसतं पुस्तक वाचून सांगता येत नाही, त्या दिवशी हवेत कण किती होते ते मोजायला लागतं. केंद्रात त्यासाठी एक यंत्र असतं, बाहेरची हवा एका ओल्या नळीत ओढतात, नळीत शंभर टक्क्यांच्या किंचित वर दमटपणा तयार करतात, अर्धा टक्का, एक टक्का, आणि किती कण फुगून थेंब झाले ते लेझरने मोजतात. म्हणजे खोलीत बसून त्या दिवशीचा ढग थोडासा बनवूनच बघतात म्हण ना.

ढगाचा तळ किती उंचीवर आहे ते बघायला सिलोमीटर असतो, तो लेझरचा ठिपका वर मारतो आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची काढतो. पण ढोबळ अंदाज तू घरी पण काढू शकतो. हवेचं तापमान आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, यांच्यातला फरक घे, एका अंशाला १२५ मीटर. जूनच्या पहिल्या आठवड्यात नागपुरात ४२ अंश आणि दवबिंदू १५ असला तर फरक २७, म्हणजे ढगाचा तळ तीन हजार तीनशे मीटरच्या वर. एवढ्या उंचीवरून निघालेला थेंब खालच्या तापलेल्या कोरड्या हवेतून येतो आणि वाटेतच आटतो, ढगाखाली राखाडी झालर लोंबताना दिसते पण जमिनीपर्यंत काही पोचत नाही, माती उडते तेवढी. जुलैत तापमान ३० आणि दवबिंदू २५, तळ सहाशे-सव्वासहाशे मीटरवर, तेव्हा निघालेला थेंब पोचतोच. मृगात नुसतं गरजून जातं आणि आर्द्रात भिजवतं असं आपले म्हातारे म्हणायचे, त्यात ही उंची असते.

फुग्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. सोनेगावला विमानतळाच्या बाजूला रोज पहाटे पाच-साडेपाचच्या सुमारास आणि संध्याकाळी तसाच, हायड्रोजन भरलेला फुगा वर जातो, त्याला खाली दोरीने एक पांढरं हलकं खोकं बांधलेलं, त्यात तापमान, दमटपणा मोजायची सोय आणि जागा कळायला जीपीएस. जगभरात त्याच वेळेला सोडतात, म्हणून आपली वेळ साडेपाचची येते. पावसाळ्यात पहाटे मैदानात उभं राहायचं, फुगा माणसापेक्षा उंच, वाऱ्याने आडवा होतो, दोन्ही हातांनी धरून ठेवायचा, रबर ओलं झालं की हाताला थंडगार लागतं, आणि वारा जरा पडला की सोडायचा, धावत धावत, नाहीतर खोकं जमिनीला आपटतं. मिनिटाला साधारण तीनशे मीटर वर जातो, तीस किलोमीटरच्या आसपास जाऊन फुटतो. एकदा उमरेडकडच्या शेतात पडलेलं खोकं एक बाई पदरात गुंडाळून घेऊन आल्या होत्या, घरात ठेवायची भीती आणि फेकायची पण भीती. त्यांना बसवून चहा दिला आणि त्या खोक्याने त्यांच्याच गावावरची हवा कशी मोजली ते आलेख दाखवून सांगितलं. त्या आलेखातच कळतं की आज खालची दमट हवा वर चढू शकेल का, का मध्ये गरम हवेचं झाकण बसलंय. आठ दिवस ढग पसरट राहिले आणि वर चढलेच नाही तर त्या आठ दिवसांच्या फुग्यांत ते झाकण बहुतेक वेळा दिसतं.

आता रडार, कारण तुझा मूळ राग रडारवर आहे. रडार पाऊस मोजत नाही. ते लहरी पाठवतं, थेंबांवर आदळून थोड्या परत येतात, त्या मोजतं. आणि परत येणारी ताकद थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताप्रमाणे वाढते, इथे सगळी गोम आहे. दोन मिलिमीटरचा एक थेंब घे, एक मिलिमीटरचे चौसष्ट थेंब घे, रडारला दोन्ही एकसारखे दिसणार. पण पाणी? मोठ्या थेंबात एकाच्या आठपट, आणि चौसष्ट बारक्यात चौसष्टपट. म्हणजे रडारवर रंग तोच आणि थेंबांतलं पाणी आठ पटीने वेगळं असू शकतं. हे जुळवायला १९४८ साली मार्शल आणि पामर या शास्त्रज्ञांनी एक सूत्र दिलं, ते अजून वापरतात, पण ते कॅनडात मोजलेल्या पावसावरून आलंय, विदर्भातल्या वळवाच्या पावसाला आणि कोकणातल्या रिपरिपीला तेच सूत्र लावलं की चुकणारच. म्हणून ज्या त्या भागातले थेंब मोजायला लागतात, दुसरा इलाज नाही.

शिवाय रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी गोल. नागपूरच्या रडारचा झोत अर्धा अंश वर उचललेला धरला तर काटोलपर्यंत, पन्नासेक किलोमीटरवर, तो जमिनीपासून सहाशे मीटर वर असतो, चंद्रपूरपर्यंत जाईस्तोवर दोन किलोमीटर वर, आणि झोताची रुंदी पण तिथे दोन किलोमीटरच्या वर झालेली असते. त्याने जे पाहिलं ते खाली पडलंच असं नाही, वाटेत आटलं असेल, वाऱ्याने सरकून बाजूच्या गावात पडलं असेल. तुझ्या गावावर रंग आणि शेजारी पाऊस, यात मला काही नवल वाटत नाही. आपल्या शहरातलं रडार दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरींचं आहे, ते लांबवर बघायला आणि जोरदार पावसातून आरपार बघायला चांगलं, पण ढगातले बारीक थेंब त्याला दिसतच नाही. ते बघायला आठेक मिलिमीटरच्या लहरींचं वेगळं ढग-रडार लागतं, त्याला पाऊस सुरू व्हायच्या आधीचा ढग दिसतो, आत हवा वर चाललीय का खाली ते पण कळतं, मात्र जोरात पाऊस आला की ते आंधळं होतं. म्हणून केंद्रात एकच ढग दोन-तीन प्रकारच्या रडारने एकाच वेळी बघतात, आणि बाजूला जमिनीवर थेंब मोजायचं यंत्र चालू असतं. सगळी यंत्रं एकाच जागी का ठेवतात त्याचं कारण हेच, एकटं कुठलंच यंत्र पुरं खरं सांगत नाही.

थेंब मोजायचं यंत्र म्हणजे डिसड्रोमीटर, यावर माझा जीव आहे. एक प्रकार असा की तळहाताएवढी चकती आभाळाकडे तोंड करून बसवलेली, थेंब आदळला की चकती किंचित दबते आणि त्या धक्क्यावरून थेंब केवढा ते कळतं. दुसऱ्यात लेझरचा पातळ पडदा असतो, थेंब त्यातून जाताना प्रकाश किती अडला आणि किती वेळ अडला त्यावरून व्यास आणि वेग दोन्ही. एक मिलिमीटरचा थेंब सेकंदाला चार मीटरने येतो, दोनचा साडेसहाने, पाचचा नऊ मीटरने. त्याहून फार मोठा थेंब टिकत नाही, हवेतच चपटा होऊन फुटतो. पण ही यंत्रं येण्याच्या किती आधी, १९०४ साली, बेंटली नावाच्या अमेरिकन शेतकऱ्याने पिठाची युक्ती लिहून ठेवली आणि ती आजही चालते. परातीत बोटभर मैदा चाळून सपाट पसरायचा, परात झाकून पावसात न्यायची, दोन-तीन सेकंद उघडायची आणि परत झाकायची. घरात आणून तासभर ठेवायची, मग चाळणीने हळू चाळलं की पिठाच्या गोळ्या वर राहतात, जेवढा थेंब मोठा तेवढी गोळी मोठी. मी त्रिमूर्तीनगरच्या माझ्या गच्चीवर नातीला घेऊन हे केलं, एकदा जूनच्या पहिल्या वादळी पावसात आणि एकदा पोळ्याच्या सुमाराला झड लागलेली असताना. जूनच्या परातीत मोजून एकवीस गोळ्या, त्यातल्या चार-पाच तुरीच्या दाण्याएवढ्या. झडीच्या परातीत नातीने दोनशेपर्यंत मोजल्या आणि कंटाळली, सगळ्या खसखशीपासून मोहरीएवढ्या. आपल्या भाषेत टपोरे थेंब, रिपरिप, भुरभुर, सर, झड असे वेगवेगळे शब्द आहेत ते उगीच नाहीत, डिसड्रोमीटरचा आलेख प्रत्येकाला वेगळा येतो. टपोऱ्यांचा अर्थ असा की बहुतेक उंच ढग आहे आणि मोठे थेंब बारक्यांना मागे टाकून पुढे पोचले, म्हणून सरीचे पहिले थेंब नेहमी मोठे आणि विरळ.

आता तो बर्फाचा प्रसंग. सरळ वर बघणारं एक छोटं रडार असतं, सूक्ष्म पर्जन्य रडार, घरावरच्या डिश अँटेनासारखंच दिसतं. झडीची रात्र होती, पडद्यावर खालपासून वरपर्यंत थेंबांचा वेग दिसत होता. पाच किलोमीटरच्या वर सगळं संथ, सेकंदाला दीड-दोन मीटर, हिमकण तरंगत येत होते. मग तिथेच एक चमकदार पट्टी, वितळणारा बर्फ रडारला फार उठून दिसतो म्हणून, आणि त्या पट्टीखाली एकदम वेग सहा-सात मीटर, पाऊस झाला. ती पट्टी तासन् तास तशीच, जणू कोणी खडूने ओढली. बाहेर खिडकीत नागपूरचा पाऊस पडून राहिला होता आणि मी बर्फ वितळताना बघत होतो. वादळी ढगात मात्र ही पट्टी दिसत नाही, तिथे सगळं वरखाली घुसळलेलं असतं. म्हणून पट्टी आहे का नाही यावरूनच पाऊस कोणत्या जातीचा ते ओळखतात, आणि हे महत्त्वाचं यासाठी की वाफेचं पाणी होताना प्रचंड उष्णता सुटते, ती कोणत्या उंचीवर सुटली यावर पुढे ती पावसाळी यंत्रणा वाढेल का विरेल हे बरंचसं ठरतं.

महाबळेश्वरला सुमारे १४०० मीटर उंचीवर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. तिथे ढगात जायला विमान लागत नाही, पावसाळ्यात ढगच खिडकीतून आत येतो, यंत्र गच्चीवर ठेवलं की झालं. सह्याद्रीतले ते ढग बहुतेक बुटके, बर्फाच्या उंचीपर्यंत न जाता नुसती थेंबाला थेंब धडकून पाऊस पाडणारे, बारीक आणि अखंड. त्याच संस्थेने २००९ पासून विमानातून ढगांत शिरून मोजमाप केलं, पुढे २०१८ आणि २०१९ ला सोलापूरला, पर्जन्यछायेत, ढगांत मिठासारख्या कणांची फवारणी करून पाहिली. २७६ ढग निवडले, कशावर फवारायचं आणि कशावर नाही हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे आपल्याला हवं ते दिसायला नको. शंभर चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास जास्त पाऊस मिळाला. पण तू हे वाचून कृत्रिम पावसाची मागणी करायच्या आधी लक्षात घे की हे सगळे मुळातच पाणी असलेले, वाढत असलेले ढग होते. ढगच नसेल तर पाऊस काढता येत नाही, आणि दुष्काळात नेमके तसलेच ढग नसतात. जो कोणी कोरड्या आभाळातून पाऊस काढून देतो म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नको.

आणि आता भोपाळजवळचं, माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात कामाचं. सिहोर जिल्ह्यातल्या सिलखेड्याला शंभर एकरावर हे केंद्र उभं राहिलंय, मार्च २०२४ मध्ये उद्घाटन झालं. जागा तिथेच का? कारण मध्य भारत हा मान्सूनचा गाभा. पावसाळ्यात राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा लांबलचक पट्टा पडलेला असतो, उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की ते ओडिशा, छत्तीसगड, मग विदर्भाच्या वरच्या बाजूने मध्य प्रदेशात सरकतं. अशा क्षेत्राच्या नैर्ऋत्येला सगळ्यात जास्त पाऊस असतो, आणि ते छत्तीसगडवर आलं की ती नैर्ऋत्य बाजू म्हणजे आपणच, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर. तो पट्टा वर हिमालयाच्या पायथ्याला सरकला की आपल्याकडे खंड, आभाळ तर असतं पण पाऊस नाही, तुझे आठ दिवस. ही ये-जा जिथून होते तिथे बारमाही यंत्रं पाहिजे होती. तिथे रडारं आहेत, कण मोजायची, थेंब मोजायची, ढगाचा तळ बघायची यंत्रं आहेत, आणि जमिनीतली ओल मोजायची पण सोय ठेवली आहे, कारण आधी पडलेल्या पावसाने जमीन ओली असली की तिचं बाष्प पुन्हा वर जातं आणि जमिनीवर आलेलं क्षेत्र लवकर मरत नाही. मोहिमा काढून महिनाभर मोजणं वेगळं आणि दहा-पंधरा पावसाळे एकाच जागी मोजणं वेगळं. पावसाचं एक वर्ष दुसऱ्यासारखं नसतं, मला तर तीस वर्षांत दोन सारखे जुलै दिसले नाही.

पण ह्या सगळ्या कोट्यवधींच्या यंत्रांचा हिशेब शेवटी साध्या पर्जन्यमापकाशी जुळवतात हे विसरू नको. नरसाळं, खाली बाटली, सकाळी साडेआठला मोजपात्रात ओतून वाचायचं. आणि दुःखाची गोष्ट, दुर्लक्ष त्याचंच होतं. एका ठिकाणी, नाव कशाला घेऊ, स्वयंचलित मापक तीन आठवडे शून्य दाखवत होतं आणि आजूबाजूला रोवणीची कामं चालू होती. जाऊन उघडलं तर नरसाळ्यात कडुनिंबाची पानं कुजलेली आणि आतल्या डोलणाऱ्या चमच्याला कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. तो चमचा थोडं पाणी भरलं की उलटतो, प्रत्येक उलटण्याला एक नोंद, माशीने तो जागेवर चिकटवून टाकला होता. कागदावर तिथे दुष्काळ होता. ते तीन आठवडे परत कसे आणणार, अजून मनात सलतं मला ते.

मोजायची वेळ किती बारीक पाहिजे हे नागपूरला २३ सप्टेंबर २०२३ ला कळलं. मध्यरात्रीनंतर काही तासात शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात. चोवीस तासांचा आकडा म्हणून शंभर मिलिमीटर नागपूरला नवा नाही, झडीत दिवसभरात एवढा पडून जमिनीत जिरून जातो. पण एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस किलोमीटरवर दहा लाख लिटर, शंभर मिलिमीटर म्हणजे दहा कोटी लिटर, आणि ते चार तासात आलं का चोवीस, यावर लोकांचे जीव अवलंबून असतात. म्हणून केंद्रात मिनिटामिनिटाला मोजतात.

तुझ्या बागेला उपयोग काय ते आता सांगतो. मे २०२५ पासून आपल्याकडे अंदाजाचं जे नवीन मॉडेल सुरू झालं, भारत फोरकास्ट सिस्टीम, ते नकाशाचे चौकोन पाडून एकेका चौकोनाचा अंदाज काढतं, आणि त्याचे चौकोन सहा किलोमीटरचे आहेत, आधी बारा होते. पण तुझं गाव आणि पाच किलोमीटरवरचा तो नाला एकाच चौकोनात बसू शकतात, आणि एकेक ढग त्याहूनही लहान असतो. चौकोनाच्या आत थेंब कसे वाढतात, कधी पडतात, किती आटतात हे मॉडेलला सूत्रांनी सांगायला लागतं, आणि ती सूत्रं बरीचशी बाहेरच्या हवेवरून आलेली. सिलखेड्याला आपल्याच काळ्या मातीवरच्या ढगांचे थेंब मोजून ती सुधारायची, हे काम हळू चालतं. पुढच्या हंगामात लगेच तुझ्या शेताचा अंदाज अचूक येईल असं मी म्हणणार नाही, पण खंड कधी पडेल आणि कधी मोडेल याचा अंदाज यातूनच सुधारेल, आणि फवारणी, पाणी, खताचा डोस यासाठी तुला तेच पाहिजे. तोवर आभाळ गरजायला लागलं की विजेची सूचना देणारं दामिनी ॲप बघत जा आणि झाडाखाली थांबू नको, विदर्भात दर पावसाळ्यात शेतात माणसं जातात विजेने.

तुला खरंच करायचं असेल तर शेतात स्वतःचं पर्जन्यमापक लाव, साधं, हाताने वाचायचं. मोकळी जागा बघ, संत्र्याचं झाड जेवढं उंच त्याच्या दुप्पट तरी लांब, तोंड जमिनीपासून तीस सेंटिमीटर वर आणि अगदी समपातळीत, पाणसळ लावून बघ. रोज सकाळी साडेआठला वाच, आदल्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहायचा, सगळे तसंच लिहितात म्हणून. काही पडलं नसेल तर शून्य लिही, रकाना रिकामा सोडू नको, नंतर कोणाला कळत नाही की पाऊस नव्हता का तू गेला नव्हता. पाच किलोमीटरवरच्या त्या गावात तुझा कोणी मित्र असेल तर त्याला पण लावायला सांग, आणि दोघांच्या वह्या सप्टेंबर संपला की घेऊन ये माझ्याकडे, त्या तारखांचे फुग्याचे आलेख काढून बसू आपण.